राजाला आलेला फोन

फोन पेटाऱ्यावर ठेवला होता आणि आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना बसलो होतो. रघुभाऊ भिंतीला टेकून, डोळे मिटून स्वस्थ होता. मी आरशाच्या तुकड्यात बघून गालांवरून दुसऱ्यांदा वस्तरा फिरवत होतो, कारण संध्याकाळी मला राणी व्हायचं होतं आणि खुंट वाढलेली राणी कुणाला आवडत नाही.

दुपारची वेळ होती. बांद्याच्या पलीकडच्या एका गावात, देवळालगतच्या धर्मशाळेत आमचं दशावतारी मंडळ उतरलं होतं. बाकीची मंडळी जेवून आडवी झाली होती. आम्हा दोघांनाच झोप नव्हती, कारण पुण्याहून विमा कंपनीच्या डॉक्टरांचा फोन यायचा होता.

"भाऊ, परत सांगतंय," मी वस्तरा पुसत म्हटलं. "फोन माज्याकडे दी. तुजो आवाज मी काडतंय. वयनीक पण कळाचा नाय."

"आदी येवंदे तरी," तो डोळे न उघडता म्हणाला.

रघुवीर गवस आमच्या मंडळाचा राजा. मी बाबल नाईक, त्याची राणी. बारा गावच्या जत्रांत आम्ही इतक्या वेळा नवराबायको झालो होतो, की माझी खरी बायको कधीकधी चिडून मला भाऊकडेच जाऊन राहायला सांगायची. तो उंचापुरा, छाती भरलेला, आणि आवाज असा की मागे जत्रेतल्या मिठाईच्या, म्हणजे खाज्याच्या, दुकानापाशी उभ्या असलेल्या माणसालाही वाटावं, राजा आपल्याशीच बोलतोय. मी मात्र दिसायला बरा होतो एवढंच. शालू नेसून पडद्याबाहेर आलो की बायका एकमेकींना कोपर मारायच्या, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आमच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. दुपारी मंडळाचे मालक कथा सांगतात, कोण राजा, कोण राक्षस, कोण कुणाला शाप देतो. बाकी सगळं बोलणं ज्याचं त्यानं रंगमंचावर उभं राहून तिथल्या तिथे करायचं. राजाला तर धो धो बोलावं लागतं, आणि तेही राजाला शोभेल अशा भाषेत. त्यामुळे राजाचं खरं भांडवल मुकुट किंवा तलवार नव्हे, तर डोक्यातले शब्द. रघुभाऊच्या बाबतीत नेमकी त्यावरच गदा आली होती.

दोडामार्गच्या डोंगरात त्याची थोडी काजूची बाग होती. आदल्या वर्षी त्या बाजूला रानात माकडं मरायला लागली. माकडाच्या अंगावरची गोचीड माणसाला चावली की त्यालाही तो ताप येतो, आमच्याकडे त्याला माकडतापच म्हणतात. बऱ्याच जणांचा ताप उतरला आणि माणसं कामाला लागली. भाऊचाही उतरला. मग काही दिवसांनी तो उलटला आणि मेंदूत शिरला. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात मी त्याला बघायला गेलो, तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला, पण मी कोण हे त्याला सांगता येईना. शेजारी बसलेल्या आपल्या बायकोला, सुनंदा वहिनीला, तर तो दोन दिवस नर्सच समजत होता. बाहेर येऊन मी जिन्यावर बसून रडलो. राणीचं रडणं मला सहज जमायचं, पण ते रडणं वेगळं होतं.

त्या हंगामात त्याच्यासाठी मंडळानं तबक फिरवलं. प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीला गणपतीची आरती होते आणि तबक घेऊन आमच्यातला एकजण लोकांत फिरतो, ही पूर्वापार पद्धत. लोक देवाच्या नावानं त्यात काही टाकतात. त्या वर्षी मालकांनी आरतीनंतर सांगितलं की आपला राजा इस्पितळात आहे, आणि तबक भरून वाहू लागलं. ह्याच गावात जत्रेत खाजं विकणारी आनंदीबाय होती. तिनं कनवटीचं सगळंच्या सगळं तबकात ओतलं आणि रिकामी पिशवी मला झटकून दाखवली. "ह्या राजाक," एवढंच म्हणाली.

भाऊ वाचला. पुढच्या हंगामात मुकुट घालून उभाही राहिला आणि लोकांनी टाळ्यांनी देऊळ डोक्यावर घेतलं. पण तबकाचं जे सुरू झालं होतं ते थांबेना. देवाचं देऊन झालं की कुणी ना कुणी आणखी काहीतरी टाकायचं आणि हळूच म्हणायचं, ह्या राजाच्या औषधाला. आनंदीबायचा तर नेमच झाला. लोक मायेनं द्यायचे, पण पडद्याआड भाऊ ते ऐकायचा आणि त्याचा चेहरा उतरायचा.

"बाबल, माज्या डोक्यार मुकुट आसता नि माज्या नावान तबक फिरता," तो मला एकदा म्हणाला. "ह्या माका सोसणा नाय. परत आजारी पडलंय तर पडलंय. पण माज्यासाठी तबक परत फिरूक नये."

म्हणून त्याला आरोग्य विमा हवा होता. आमच्या धंद्यात तेव्हा विम्याचं कुणी नाव काढत नसे. भाऊनं मात्र बांद्याच्या मयुरी शिरोडकरला गाठलं. ती पूर्वी बँकेत होती, आता विम्याचं काम करायची, आणि स्वभावानं सरळ होती. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की आजार लपवायचा नाही. आज लपवला तर उद्या पैसे द्यायच्या वेळी तोच उकरून काढतील. माकडताप, इस्पितळ, सगळं तिनं भाऊकडून विचारून लिहून घेतलं. मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली, ती ऐकून माझी पाचावर धारण बसली. आजार मेंदूचा असल्यामुळे कंपनीचे डॉक्टर फोनवर स्वतः बोलून बघणार होते. डोकं अजून ठिकाणावर नाही अशी त्यांना शंका आली तर ते सरळ नकार देतील. आणि एकदा एका कंपनीनं नकार दिला की दुसऱ्या कंपनीतही आधी हेच विचारतात, की तुम्हाला पूर्वी कुणी नाकारलंय का.

थोडक्यात, एकच संधी होती आणि ती बोलण्यावर होती. बोलण्याचं काय झालं होतं, हे वहिनीशिवाय जगात फक्त मला माहीत होतं.

तापानंतर भाऊचे शब्द अधूनमधून हरवायचे. रंगमंचावर वाक्य जोरात चाललेलं असायचं आणि मध्येच साधा एखादा शब्द, वन, रथ, सेनापती, कुठेतरी गडप व्हायचा. अशा वेळी तो डावा हात मिशीवर ठेवायचा. ती आमची खूण. मी राणी, लगेच पदर सावरत विचारायचो, महाराज, आपण वनात निघालात का? तो म्हणायचा, होय राणी, वनात. आणि गाडी पुढे धावायची. लोकांना वाटायचं, राजाराणीचं काय प्रेम आहे बघा. फोनवर मात्र मी मध्येच शब्द दिला तर तो डॉक्टरांनाही ऐकू जाणार.

त्यावर मी काढलेला उपाय मला तरी अगदी रास्त वाटत होता. आमच्यात कुणी आजारी पडला तर दुसरा त्याचा मुकुट घालून उभा राहतो. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही, उलट वेळ सांभाळली म्हणून पाठ थोपटतात. मीच दोनदा भाऊच्या जागी राजा झालो होतो. मग फोनवर झालो तर काय बिघडलं? त्याची जन्मतारीख, इस्पितळाचं नाव, गोळ्यांची नावं, सगळं मी घोकून ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा पार्ट मी असा पाठ केला होता.

फोन वाजला. मी झडप घातली, घसा खाकरला, आवाज खाली नेला. तेवढ्यात भाऊचा हात माझ्या हातावर पडला. त्यानं फोन काढून घेतला, सर्वांना ऐकू येईल असं बटण दाबून पेटाऱ्यावर परत ठेवला आणि ताठ बसला.

पलीकडे एक डॉक्टर बाई होत्या. हे बोलणं नोंदवून ठेवलं जाणार आहे, चालेल ना, असं त्यांनी विचारलं. भाऊनं प्रेक्षकांसमोर उभं राहिल्यासारखा श्वास घेतला आणि म्हणाला, "मी रघुवीर गवस. विचारा, आपण काय जाणून घेऊ इच्छिता?"

 असं उत्तर त्यांना रोज मिळत नसावं. मग त्यांनी वय, वजन, तंबाखू, दारू असं एकेक विचारलं आणि भाऊनं दरबारात बसल्यासारखी उत्तरं दिली. मला हुरूप आला. शेवटी त्या आजारावर आल्या. ताप आला कसा, म्हणजे रानात नेमकं काय झालं, हे त्यांना हवं होतं. तिथे राजाची भाषा गळून पडली आणि भाऊ घरच्या बोलीवर आला.

"काजीखाली माकड मराण पडलला, बाई. तेच्यार माजो पंचो घातलंय, नारळ ठेवलंय, खड्डो काडलंय नि पुरलंय."

मेलेल्या माकडाला हात लावू नका, असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का, बाईंनी विचारलं.

"सांगितलल्यानी. गाडी फिराण गेल्ली गावात. पण मारुतीच तो. तेका कुत्र्यांच्या तोंडाक देवन घराक कसो जाव?"

हे मलाही तेव्हाच कळलं. इतके दिवस मी समजत होतो, काजू वेचताना चावलं असेल काहीतरी. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण लोकांनी त्याला वेडा म्हटलं असतं, आणि मीच सगळ्यांत आधी म्हटलं असतं. बाईंनी विचारलं, मग त्या माकडाच्या अंगावरून तुम्हाला काय चावलं?

भाऊनं तोंड उघडलं आणि शब्द गेला.

मला दिसला तो जाताना. डोळे किंचित वर गेले, ओठ उघडेच राहिले, डावा हात मिशीकडे निघाला. गोचीड, गोचीड, माझ्या तोंडात शब्द तयार होता. मी पुढे वाकलो. भाऊनं मिशीकडे निघालेला तो हात वाटेतच वळवला आणि माझ्यासमोर आडवा धरला. गप्प राहा.

धर्मशाळेत कुणीतरी घोरत होतं तेवढंच ऐकू येत होतं. फोनमधून आवाज आला, "हॅलो? ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"ऐकाक येता, बाई," भाऊ म्हणाला. "शब्द गेलो माजो. येतलो. जरा थांबा."

बाई थांबल्या. मी मूग गिळून बसलो, म्हणजे अक्षरशः घशाशी आलेला शब्द गिळून. भाऊ डोळे मिटून शोधत होता, अंधाऱ्या माळ्यावर हातानं चाचपून काहीतरी शोधावं तसा. तो पुटपुटला, गुराच्या कानात असतं ते, रक्त पिऊन फुगतं ते. मग त्याचा चेहरा उजळला.

"इलो. गोचीड."

"असं नेहमी होतं का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

मी दोन्ही हात हलवून, मान हलवून, त्याला नाही म्हणायला सांगत होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर फोनवर नेली.

"रोज होता, बाई. घरात होता, स्टेजार पण होता. थंय माजी राणी माका शब्द देता. ती आता हय बाजूकच बसली आसा."

"म्हणजे पत्नी आहेत का तिथे?"

"नाय बाई, ती दाढी करता."

पलीकडे काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला आणि मग बाई हसल्या, मनापासून हसल्या. भाऊनं त्यांना दशावतार, स्त्रीपार्ट, मिशीवरचा हात, सगळं सांगून टाकलं. वर्षभर मी जिवापाड जपलेलं गुपित, आणि ह्यानं ते नोंदवून ठेवणाऱ्या फोनमध्ये ओतलं. मी कपाळाला हात लावला. हसणं ओसरल्यावर बाईंनी विचारलं, "मग आत्ता का नाही घेतलात शब्द राणीकडून?"

"तुमी माका इचारलात," भाऊ म्हणाला. "राणीक नाय."

 मग त्यांनी उरलेलं विचारलं. झटके येतात का, नाही. गोळ्या चालू आहेत का, एक आहे. हातापायात काही फरक, तर डावा हात कापतो, म्हणून डावखुरा असूनही तलवार उजव्या हातात धरतो. निर्णय कंपनी घेईल, त्याआधी एखादी तपासणी सांगतील, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी भाऊवर भयंकर चिडलो होतो. सगळं गेलं, मी मनात म्हटलं, आता हा जन्मभर तबकाकडे बघून झुरणार. भाऊ मात्र आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. त्या तापानंतर एवढी गाढ झोप मी त्याला पहिल्यांदाच लागलेली पाहिली. आणि तिथे बसल्या बसल्या, हातात वस्तरा घेऊन, माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. ह्या माणसाशेजारी मी इतकी वर्षं राणी म्हणून मिरवलो, आणि राजा म्हणजे काय हे मला त्या दुपारी, लुंगी नेसून घोरणाऱ्या रघुवीर गवसाकडे बघून कळलं. मी उठून त्याच्या अंगावर माझा शालू घातला.

पुढे गोव्यात तपासण्या झाल्या. मेंदूच्या डॉक्टरांनी त्याच्याशी गप्पा मारून लेखी मत दिलं. मग एके दिवशी मयुरी स्वतः स्कूटर घेऊन आमच्या तालमीच्या जागी आली. कंपनीनं भाऊला घेतलं होतं. हप्ता जरा चढा होता आणि एक अट होती. जुन्या तापामुळे मेंदूचं काही उद्भवलं तर सुरुवातीची काही वर्षं त्याचे पैसे मिळणार नाहीत. बाकी शरीराला काहीही झालं तर कंपनी बघेल. मयुरी ही अट जरा अपराध्यासारखी समजावून सांगत होती. डॉक्टर बाईंनी आपल्या शेऱ्यात काय लिहिलं होतं तेही तिनं सांगितलं. ह्या गृहस्थांना आपल्या आजाराची पूर्ण जाण आहे आणि ते काही लपवत नाहीत, असं लिहिलं होतं.

भाऊनं सगळं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातल्या गणपतीच्या लाकडी मुखवट्याकडे बोट केलं. "म्हणजे तेच्यासारख्याच झाला माजा," तो म्हणाला. "धड कंपनीचा नि डोक्या माजा." मयुरी हसली, मालक हसले, मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

त्यानंतर आनंदीबायच्या गावी आमचा प्रयोग आला. देवळापुढच्या पटांगणात, मांडावर, सूर्य मावळायच्या आत पहिला नारळ फुटला. आरती झाली आणि तबक घेऊन त्या दिवशी मीच लोकांत निघालो होतो, राणीच्या वेशात. मागून घुंगुर वाजले म्हणून वळून पाहिलं, तर भाऊ मुकुट, अंगरखा, सगळं चढवून पडद्याबाहेर आलेला. राजानं आपल्या प्रवेशाआधी लोकांसमोर यायचं नसतं. तो सरळ खाली उतरला आणि माझ्या बाजूनं चालू लागला. लोक बाजूला झाले.

आनंदीबाय आपल्या दुकानाच्या फळीमागे उभी होती. तिनं देवाचं टाकलं, मग सवयीनं कनवटीला हात घातला. भाऊनं तिचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. डावा कापत होता.

"बाय, आता होया नाय," तो म्हणाला. किती दिवस मनात धरलेलं वाक्य होतं ते, त्याच्या आवाजावरून मला कळत होतं. "माका इम्याच्या कंपनीन घेतल्यानी. पडलंय तर ते बघतले. तू ह्या गणपतीक घाल."

म्हातारीनं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. मुकुटापासून पायांपर्यंत, नीट पाहिलं. मग आपला हात सोडवून घेतला, मूठ उघडली आणि जे काही होतं ते तबकात टाकलं.

"बघूंदेत कंपनी," ती म्हणाली. "पण आमी तुका खंय सोडलाव?"

भाऊनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सगळा मांड त्याच्याकडे बघत होता, राजा आता काय बोलतो म्हणून. त्याचा डावा हात सावकाश मिशीवर गेला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तबक धरून शेजारीच उभा होतो, पण ह्या वेळी शब्द माझ्याकडेही नव्हता.